आठीमुक्त वाचन

आमच्या नातीबद्दल शाळेकडून पहिली तक्रार आली ती अशी, की ती वाचते. तक्रार तोंडी होती, फार गोड शब्दांत होती, पण तक्रारच होती. सूनबाईला कामावरून सुटी मिळेना आणि मुलाचं शाळेत जायचं म्हटलं की अजूनही पोट दुखतं, तेव्हा मी गेले. तसंही या घरात भांडायचं खातं माझ्याकडेच आहे. बाकीचे नुसते चिडतात.

नात तिसरीत. घरीदारी तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. ठरते ती फक्त पुस्तक हातात आलं की. मग ती जमिनीवर पालथी पडते, ओळीखाली बोट ठेवते, ओठांतल्या ओठांत पुटपुटते आणि कपाळावर अशी आठी घालते, जशी शेजारणीने नेलेली कढई परत मागायला निघाली आहे. ही आठी आमच्या घराण्यातली. मी शाळेत गेले ती जेमतेमच, पण जे काही वाचायला शिकले ते असंच, बोट आणि आठी लावून. वाचणं म्हणजे सुईत दोरा ओवणं. दात काढून कोणी दोरा ओवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

मोठ्या बाईंच्या खोलीतल्या खुर्च्या गेल्या होत्या आणि त्या जागी जमिनीवर रंगीत उशा आल्या होत्या. मी बसले ती आत आत जातच राहिले. उशीत रुतलेल्या माणसाला भांडता येत नाही, हे ज्याने शोधून काढलं तो नक्की मोठा विद्वान असणार.

मोठ्या बाईंनी मला नवी पद्धत समजावून दिली. पूर्वी मुलांना अक्षरं शिकवत. मग असं लक्षात आलं की अक्षरांचा मुलांवर ताण येतो, म्हणून अक्षरं थांबवली. पुस्तकं मात्र ठेवली, कारण ती आधीच आणलेली होती. मूल आधी पुस्तकाचा वास घेतं, मग त्याच्यावरून हात फिरवतं, मग त्याला मांडीवर घेऊन बसतं. पुस्तकाशी ओळख झाली की मूल ते आपणहून उघडतं. वरच्या वर्गांतली काही मुलं अजून ओळखीच्याच टप्प्यावर आहेत, पण घाई कसली.

मी विचारलं, मग परीक्षा कशाची घेता. त्या म्हणाल्या, प्रश्न विचारले तर मूल भितं, मोठ्याने वाचायला लावलं तर तुलना होते, म्हणून आता फक्त चेहरा तपासतात. पुस्तक हातात दिल्यावर दात दिसले तर वाचनानंद उत्तम. नुसते ओठ ताणले तर समाधानकारक. आणि कपाळाला आठी पडली तर त्याला वाचनविरोध म्हणतात. शाळेला लवकरच आठीमुक्त शाळेचा दर्जा मिळायचा होता. भिंगरीचं एक कपाळ तेवढं आडवं आलं होतं.

"अहो, ती वाचत होती," मी म्हटलं.

"तेच तर, आजी. बाकी कुणालाच असा त्रास होत नाहीये."

वर्गात पहिला कोण आला, हेही कळलं. डॉक्टरांचा गोटू. त्याने पुस्तक उलटं धरलं होतं आणि पोट धरधरून हसत होता. उलटं, मी म्हटलं. त्यावर मोठ्या बाईंच्या शेजारच्या उशीतून वर्गबाई म्हणाल्या की सुलटं-उलटं हा मोठ्यांचा आग्रह आहे, मूल स्वतःची दिशा स्वतः शोधतं. या वर्गबाईंना आता वाचनसखी म्हणायचं असतं. कोवळी पोर, कपाळावर केस पार भुवयांपर्यंत ओढून घेतलेले, आणि बोलताना पाठ केल्यासारखी बोलत होती.

मुद्द्याची गोष्ट शेवटी आली. असाच वाचनविरोध चालू राहिला तर भिंगरीला वरच्या मजल्यावरच्या आनंदवर्गात बसवणार. तिथे वर्षभर पुस्तक नाही. मातीचे गोळे करायचे. आणि घरातली पुस्तकंही शाळेत जमा करायची, म्हणजे मुलाचं मन मोकळं होतं. भिंगरीची पुस्तकं म्हणजे एका पत्र्याच्या पेटीत मावतील एवढीच, पण त्या पेटीवर डोकं ठेवून ती झोपते. मी ताडकन उठायला गेले आणि उशीवरून सरळ कोलमडले. बाहेर दाराशी उभी असलेली भिंगरी खदखदून हसली. वाचनसखीने चेहरा बघून लगेच नोंद केली, पण मोठ्या बाई म्हणाल्या, हातात पुस्तक नाही, धरता येणार नाही.

घरी आल्यावर मी पोरीला आरशासमोर बसवलं. म्हटलं, बाई गं, वाच, पण दात दाखवून वाच. तिने जीव तोडून प्रयत्न केला. सूनबाई म्हणाली, पोरगी आजारी दिसते. मुलगा म्हणाला, त्यापेक्षा आठी बरी होती. शेवटी भिंगरीनेच पुस्तक खाली ठेवलं.

"आजी, हसले की अक्षरं हलतात. दोन्ही नाही होत."

मी आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

दुसरी तक्रार याहून मोठी होती. वर्गात साहित्याचा तास होता. एका म्हाताऱ्या कुत्र्याची गोष्ट होती, त्याचा मालक गावाला जातो आणि कुत्रा फाटकाशी वाट बघत बसतो. गोष्ट वाचायची नव्हती, अनुभवायची होती. मुलांना कुत्र्याचे मुखवटे दिले होते. सगळा वर्ग भुंकत होता, शेपट्या हलवत होता, वाचनानंद उत्तमच्याही वर गेला होता. आणि कोपऱ्यात भिंगरी मुखवटा कपाळावर सारून शेवटच्या पानाशी रडत बसलेली.

रडण्यासाठी त्यांच्या मोजपट्टीत खूणच नव्हती. धावाधाव झाली. मुलीला पोटात दुखतंय का, घरी काही झालंय का, कोणी मुखवटा ओढला का, सगळं विचारून झालं. ती म्हणाली, मालक येतच नाही. कुठला मालक, ते कुणाला कळेना. गोष्टीचा शेवट त्या इमारतीत दुसऱ्या कुणी वाचलेलाच नव्हता. शिक्षकांचं प्रशिक्षण मुखवट्यापर्यंतच झालं होतं.

मला पुन्हा बोलावणं आलं. या वेळी मी उभीच राहिले. मोठ्या बाई म्हणाल्या, आता शेवटची संधी वाचनोत्सवात. बाहेरून तपासनीस येतील, भरल्या सभागृहात चेहरे बघतील. मुलासोबत घरातलं एक वडीलधारं माणूसही पुस्तक घेऊन बसेल, कारण आठी घरूनच येते असं संशोधन आहे. असं म्हणून त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं.

फाटकापर्यंत सोडायला वाचनसखी आली. वारा सुटला होता. तिच्या कपाळावरचे केस उडाले, आणि खाली मला चांगली खोल, वर्षानुवर्षांची जुनी आठी दिसली. तिने घाईघाईने केस खाली ओढले.

"आजी, कुणाला बोलू नका," ती म्हणाली. "दर आठवड्याला आमचेही चेहरे बघतात."

वाचनोत्सवाच्या दिवशी घाईत माझा चष्मा घरी राहिला. व्यासपीठावर चढण्याआधी मी भिंगरीला बाजूला घेतलं. ज्या पोरीला मी मांडीवर घेऊन बाराखडी गिरवून घेतली, तिला मी माझ्या तोंडाने सांगितलं, "आज वाचू नकोस. पुस्तक धर, आणि आजी उशीवरून कशी पडली ते आठव."

तिने शहाण्या बाईसारखी मान हलवली.

आम्ही बसलो. माझ्या हातात एक पुस्तक दिलं. चष्म्याशिवाय मला त्यात नुसती मुंग्यांची रांग दिसत होती, पण दूरचं मला स्वच्छ दिसतं. पहिल्याच रांगेत आमच्या विहीणबाई बसलेल्या. दोन पदव्यांचं माणूस, आणि मला व्यासपीठावर बघून चेहरा लिंबू चोखल्यासारखा. मला इतका आनंद झाला की ओठ मिटेनात. शेजारी भिंगरीला माझं पडणं आठवलं आणि तिचेही दात बाहेर आले. तपासनीस वाकून वाकून बघत होते. वाचनाचा असा निर्मळ आनंद आपण आजवर पाहिला नव्हता, असं ते भाषणात म्हणाले.

भिंगरी पहिली आली. मला आदर्श वाचक म्हणून चषक मिळाला. घरी येताना पोरीने सांगितलं की माझ्या हातात होतं ते आग लागल्यास घ्यायच्या काळजीचं पुस्तक. चषक मी परत केला नाही. विहीणबाई बसतात त्या खुर्चीसमोरच ठेवला आहे.

पुस्तकांची पेटी वाचली. शाळा आठीमुक्त जाहीर झाली, तसा फलक फाटकावर लागला. तो काय म्हणतो हे मुलांपैकी एकटी भिंगरी सांगू शकते, पण तिने ते सांगायचं नाही असं मी तिला बजावलं आहे. आमच्या घरात आता पोरगी चोरून वाचते. दार लावून, पालथी पडून, बोट आणि आठी लावून. मी बाहेर बसते. शाळेचं कोणी घरभेटीला येताना दिसलं की मी खोकते आणि ती लगेच दात काढते.

परवा वाचनसखी आली. मी खोकले. पिशवीतून पुस्तक काढत ती म्हणाली, राहू द्या आजी, त्या कुत्र्याच्या गोष्टीचा शेवट वाचायचाय. मग कपाळावरचे केस मागे सारून ती भिंगरीशेजारी पालथी पडली. आतून पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. मग नाक ओढल्याचा आला.

हे सगळं मी बसून लिहून काढलं, कुणीतरी वाचावं म्हणून. आधी मोठ्या बाईंना नेऊन दिलं. त्यांनी पानं चाळली, प्रत्येक पानाला गोड हसल्या, फारच छान म्हणाल्या, आणि आमची शाळा अशी नाही हे किती बरं, असंही म्हणाल्या.

तुम्हीही इथवर हसतच आला असाल. अभिनंदन. तुमचं नाव मी आदर्श वाचकांत कळवते. आणि मध्येच कुठे कुणाच्या कपाळाला आठी पडली असेल, तर त्यांनी आधी दार लावून घ्यावं. बाहेर मी बसले आहे, कोणी आलं तर खोकेन.