निळ्या दिव्याचं गणित

बॉयलरवाल्या काकांची दाढ कोरून झाली होती. दोन्ही गालांत कापसाचे बोळे, ओठाखाली लाळ ओढणारी नळी, आणि खुर्चीचे हात असे आवळलेले की बोटं पांढरी पडलेली. कारखान्यात बत्तीस वर्षं वाफेशी खेळलेला हा माणूस. पण दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की त्याचं पाणी पाणी व्हायचं. बायको सोबत आली होती, ती केवळ त्यांनी वाटेतून मागे फिरू नये म्हणून.

डॉक्टरबाई दाढेत सिमेंट भरत होत्या. "आता निळा दिवा धरला की घट्ट. संपलं!"

कोपऱ्यात मदतनीस बाई वही उघडून बसल्या होत्या. सुटलेलं शिक्षण त्यांनी चाळिशीत पुरं करायला घेतलं होतं आणि दुपारी भौतिकशास्त्राचा पेपर होता.

"डॉक्टर, अहो, आपल्या दिव्याचंच गणित आलंय की! निळ्या प्रकाशाची वारंवारता दिलीय. तिला प्लँकच्या स्थिरांकानं गुणलं की प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा निघते."

"मग गुणा," दाढेवरची नजर न काढता डॉक्टरबाई म्हणाल्या.

"साडेसहा गुणिले दहाचा चौदावा घात... इकडे सहा पूर्णांक सहा, दहाचा चौतिसावा... अगंबाई! चारावर एकोणपन्नास शून्यं! ज्यूल!"

ज्यूल काकांना कुणी शिकवायला नको होता. लिटरभर पाणी उकळायला साडेतीन लाख ज्यूल पुरतात, म्हणजे सहा आकडे. इथे पन्नास, तेही एकाच कणाचे! आणि तो दिवा त्यांच्या तोंडात जाणार होता.

"आँ! आँऽऽ!"

"दुखतंय? बधिरपणा कमी झाला वाटतं," म्हणत डॉक्टरबाईंनी आणखी एक सुई टोचली. पाच मिनिटं काका त्या दिव्याकडे टक लावून बसले. तेवढ्या वेळात ओठ बधिर झाले, जीभही लाकडासारखी झाली. दिवा तोंडाशी येताच ते नळी ओढून उठले आणि थेट बाहेर बायकोकडे धावले. 'पळ, दिवा फुटणार!' असं त्यांना ओरडायचं होतं.

"अळ! इआ उटणार!"

बायको ताडकन उठली. "उपटणार? अहो डॉक्टरबाई, भरायची म्हणालात आणि आता दाढ उपटताय?"

"कोण उपटतंय?"

"हेच सांगतायत की! बघा, घामानं निथळलाय माणूस!"

बाकावर दोन रोगी बसले होते. एकानं गुपचूप पिशवी उचलली. दुसरा म्हणाला, "माझी तर दुखायचीच थांबली," आणि त्याच्या मागोमाग गेला.

काकांनी टेबलावरचा कागद ओढला, चार काढला आणि शून्यं मांडायला सुरुवात केली. सतराव्या शून्यावर मदतनीस बाईंनी कपाळाला हात लावला.

"थांबा, थांबा! चौतीसच्या आधी उणे आहे. मीच खाल्लं ते!" त्यांनी घाईघाईनं पुन्हा मांडलं. "शून्य पूर्णांक, पुढे अठरा शून्यं, आणि मग कुठे चार. डासालासुद्धा कळायचं नाही, काका. बाई गं, पेपरात हीच चूक केली असती!"

काका परत खुर्चीत बसले. बायकोनं हात धरला. दिवा तोंडाशी आला, तोच काकांनी डॉक्टरबाईंचं मनगट पकडलं आणि कागदावर लिहिलं, 'एवढ्याशा ताकदीनं सिमेंट घट्ट कसं होणार? सुटून घशात गेलं तर?'

"अहो, तो एकच कण झाला," मदतनीस बाई आता रंगात आल्या होत्या. "दिव्यातून सेकंदाला असे किती निघतात! थांबा, सगळ्यांची बेरीज सांगते."

त्यांनी वही उघडली. काकांच्या चेहऱ्यावरचा रंग पुन्हा उडाला. डॉक्टरबाईंनी आधी मदतनीस बाईंच्या हातातलं पेन काढून घेतलं, आणि मगच दिवा लावला.