अण्णांना न चालणारं नाणं

गोदाघाटावर अण्णांच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता, आणि सोमनाथ थेटेच्या नुकत्याच भादरलेल्या डोक्यावर ऊन चढत चाललं होतं.

कावळे नव्हते असं नाही. समोरच्या झाडावर पंधरा-वीस तरी बसले होते. एकेक जण खाली उतरायचा, उड्या मारत पिंडापर्यंत यायचा आणि तिथं थबकायचा. मान वाकडी करून काहीतरी बघायचा, आणि कोणी अंगावर धावून आल्यासारखा मागे उडायचा. ओरडत मात्र एकही नव्हता. दहाव्याला आलेली मंडळी इतका वेळ कांद्याच्या भावाबद्दल बोलत होती, तीही आता पिंडाकडे बघू लागली.

"काहीतरी इच्छा राहिलीय," गुरुजी म्हणाले. "सोमनाथराव, पुढं या आणि कबूल करा."

सोमनाथनं हात जोडले. "अण्णा, आईला मी कधी अंतर देणार नाही."

कावळा आला, बघितलं, गेला.

"निकिताला दर भाऊबीजेला माहेरी आणीन."

धाकट्या बहिणीला, निकिताला, हुंदका फुटला. कावळ्याला काहीच फुटलं नाही.

"तेराव्याला जिलेबी करू अण्णा, साजूक तुपातली."

जिलेबीनंही काम झालं नाही, तेव्हा मात्र हिरामणमामा उठले. "आरं, ते नाणं कोणी ठिवलं पिंडावर?"

दक्षिणेचं नाणं होतं ते, सरकारनं यंदाच काढलेलं. खोटी नाणी पाडणाऱ्यांची खोड मोडावी म्हणून त्याची घडणच बदलली होती. एका बाजूनं उजेड पडला की आकडा दिसायचा. दुसऱ्या बाजूनं पडला की आकडा नाहीसा होऊन तिथं सिंहाचा एक डोळा उघडायचा. अण्णांनी, म्हणजे खंडेराव थेट्यांनी, चाळीस वर्षं पंचवटीत तांब्या-पितळेची भांडी विकली. फरशीवर आपटून, आवाज ऐकून नाणं गल्ल्यात टाकणारा माणूस. हे नवं नाणं त्यांनी एकदा वाजवलं आणि गिऱ्हाइकाला परत दिलं. "हे बोलत नाही, नुसतं बघतं," असं म्हणून त्यांनी आजारी पडेपर्यंत एकही दुकानात येऊ दिलं नव्हतं.

"जित्तेपणी घेतलं नाय, आता मेल्यावर घेतील व्हय?" मामा म्हणाले.

"ठेवलेलं उचलता येत नाही," गुरुजी म्हणाले. "शेजारी एखादं जुनं ठेवा."

चाळीस माणसं खिसे चाचपू लागली. मोबाइल चाळीस निघाले, जुनं नाणं एकही निघेना. गुरुजींच्या पिशवीवरसुद्धा पैसे पाठवायचा चौकोनी कागद डकवलेला होता. शेवटी निकिताचा नवरा महेश पळत गेला आणि एका फुलवालीला दहाची नोट देऊन जुना रुपया घेऊन आला. मामांनी तो फरशीवर आपटून सगळ्यांना ऐकवला आणि पिंडाशेजारी ठेवला. कावळा उतरला, जवळ आला, थबकला आणि पळाला.

नाण्याचा प्रश्न नव्हताच, हे आता सोमनाथला कळून चुकलं. अण्णांचं दुकान त्यानं केकवाल्या सनीशेठला द्यायचं ठरवून बयाणाही घेतला होता. हे त्यानं आईला सांगितलं नव्हतं, बहिणीला नाही, बायकोलाही नाही. अण्णा दवाखान्यात बेशुद्ध पडले होते, आणि त्यांचे पाय एका हातानं चेपत असतानाच तो फोनवर "पक्कं समजा" असं म्हणाला होता. त्या खोलीत तेव्हा तिसरं कोणी नव्हतं. भर उन्हात त्याच्या अंगावर काटा आला, आणि काट्याहून जास्त त्याला लाज वाटली.

"पुढची मंडळी खोळंबलीत," गुरुजी म्हणाले. "दर्भाचा कावळा करून टाकतो."

"नको गुरुजी," निकिता म्हणाली. "अण्णा अडकून राहतील."

सोमनाथनं डोळे मिटले. एवढ्या माणसांत तोंडातून शब्द निघेना. तो मनातल्या मनातच म्हणाला, अण्णा, दुकान विकत नाही. बयाणा परत करतो.

"शिवला, शिवला," मागून गलका झाला. डोळे उघडले तर कावळा पिंडावर बसून शांतपणे भात खात होता, आणि इतका वेळ बसून असलेली आई सोमनाथशेजारी उभी होती.

घरी आल्यावर फुलाबाईंनी लेकाच्या हातात चहाचा कप दिला. "केकवाल्याचं पैसं कवा देतो?"

"आई, तुला कोणी सांगितलं?"

"त्याचा माणूस आलता शटर मोजायला. पट्टीचं दुसरं टोक मीच धरलं व्हतं."

"आणि तो कावळा?"

"उन्हानं त्या नाण्यातला डोळा उघडला व्हता, बाबा. सिंह टक लावून बघतोय म्हटल्यावर कोण जेवायला बसंल? म्या उभी ऱ्हायले, माझी सावली पडली, डोळा मिटला."

"तुला हे कधी कळलं?"

"पहिल्याच कावळ्याला."

"मग आधी का नाही उठलीस? डोकं भाजून निघालं माझं."

"तू कबूल व्हायची वाट बघत व्हते. 'दुकान विकत नाही, बयाणा परत करतो' ऐकलं, तशी उठले."

सोमनाथला इतकं हलकं वाटलं की तो दहा दिवसांत पहिल्यांदा हसला. म्हणजे सगळी आईचीच करामत होती, बाकी काही नव्हतं. मग चहाचा घोट घेता घेता त्याचं हसू थांबलं.

"आई, मी ते बोललोच नाही. मनात म्हटलं होतं फक्त."

"मनात कशाचं? चांगलं कानाशी म्हणालास की." फुलाबाई म्हणाल्या, "आवाज जरा बसलेला वाटला, तुझ्या अण्णांवानी. मला वाटलं, ऊन लागलं आसंल."

मग सोमनाथनं कप खाली ठेवला आणि सनीशेठचा नंबर लावला.