माझ्या मापाची जागा

पत्र आलं तेव्हा मी दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी पहारा देत होतो. पाकिटावर बायकोचं नाव. आत मजकूर : 'आदरणीय बाईसाहेब, आपली नऊ छायाचित्रं प्रदर्शनासाठी निवडली आहेत. दहावं शुक्रवारपर्यंत पाठवावं. मालिका अपुरी असल्यास विचार होणार नाही.'

बाईसाहेबांना जाऊन चार महिने झाले होते. मी जन्म-मृत्यू नोंदणीत कारकून; रोज वीस दाखले देतो. पण या लोकांना कुणी कळवलंच नव्हतं. (कुणी म्हणजे मीच.) माझं डोकं फिरलं. दूध अर्थातच उतू गेलं.

बायको जुन्या रोमन भित्तिचित्रांवरून फोटो काढायची. मागच्या खोलीच्या भिंतीला चुना लावायचा, तो ओला असतानाच झाडं-पक्षी रंगवायचे आणि पुढे खरी जनावरं बसवायची. दहाव्या फोटोत त्यांच्या पुराणातला एक गायक हवा होता. त्याच्या वाद्यापुढे वाघसुद्धा गोगलगाय व्हायचे. (मेलेल्या बायकोला परत आणायला तो पाताळात गेला होता. मी कोपऱ्यावरून साबण आणायलाही कुरकुरायचो.) गायक म्हणून मी. मी पेपर वाचत उभा असताना तिने कोळशाने भिंतीवर माझी आकृती काढली आणि तेवढी जागा कोरी ठेवून बाकी भिंत रंगवली. फोटोचा विषय निघाला की मी म्हणायचो, "रविवारी बघू."

धाकट्या मेहुणीला फोन केला. ती जनावरांची डॉक्टर.

"ताईने माझाही पत्ता दिला होता, मला ईमेल आलीय भाऊजी. मी 'हो' कळवलंय."

"कुणाला विचारून?"

"ताईला."

गुरुवारी ती आपले पेशंट घेऊन हजर. पायाला बँडेज बांधलेली शेळी, एक लंगडं बदक आणि गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं घातलेला कुत्रा.

"रोमन कुत्री नरसाळं घालायची?"

"काढलं तर टाके चाटेल. तुम्ही चादर नीट गुंडाळा. आणि आकृतीत उभे राहा."

"उभाच आहे!"

"दोन्ही बाजूंनी बाहेर येताय."

(चार महिने खानावळीचं खातोय. माप घेणाऱ्या बाईने शिवणीत थोडी माया सोडायला नको होती?)

बायकोने पुठ्ठ्याचं वाद्य करून ठेवलं होतं. त्याचा एक कोपरा शेळीने खाल्ला. कुत्रा माझ्यावर भुंकू लागला, बदक चादरीत शिरलं.

"भाऊजी, चेहरा शांत ठेवा. जनावरांना राग कळतो."

"कळू दे! पाच रविवार टाळले म्हणून काय माणसाने सहाव्यापर्यंत थांबू नये?"

मेहुणी कॅमेऱ्याआड गेली. मी वाद्य आपटलं आणि तरातरा बाहेर पडलो. (तरातरा म्हणजे चादरीत पाय अडकेपर्यंत. पुढे रांगत.) मागे खटकन आवाज झाला. वळून पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा पत्र. मेहुणीने त्यांना खरं काय ते कळवलं असावं. या वेळी पाकिटावर माझं नाव होतं. 'दहाही छायाचित्रं लावत आहोत. शेवटचं सर्वोत्तम. तिन्ही जनावरं शांत बसून भिंतीवरल्या कोऱ्या आकृतीकडे बघत आहेत. तिथे प्रत्यक्ष माणूस उभा केला असता, तर चित्राचा विचका झाला असता.'

मेहुणीने हे शेवटचं वाक्य दोनदा मोठ्याने वाचलं.

भिंतीवरची ती जागा मी अजून रंगवलेली नाही.