मोहाची फुलं आणि निळी पट्टी

एका जंगलात पूर्वी कुणी शिंकलं, की शेजारी ‘शतं जीव’ म्हणायचा. मग करोनाच्या कुळातला एक विषाणू तिथे आला. तेव्हापासून कुणी शिंकलं, की शेजारी पळू लागला.

मुलांनो, हा विषाणू फार बारीक. अंगावर प्रथिनांचे काटे आणि पोटात प्रथिनांत बांधलेलं गाठोडं. तो कुणाच्या घशात बसलाय, हे कळायचं कसं?

त्या जंगलात मुंगूसराव नावाचे विद्वान होते. ते विद्वान आहेत, हे त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं. त्यांनी प्रयोगशाळेत विषाणूचे नुसते काटे तयार केले आणि एका सशाला टोचले. सशाच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली. प्रतिपिंडं म्हणजे रक्तातले पहारेकरी. ओळख पटली, की धरून ठेवतात. मला हे दोनदा समजावून सांगितलं गेलं आणि दोन्ही वेळा मी मान हलवली.

ते पहारेकरी मुंगूसरावांनी कागदाच्या पट्टीवर बसवले. पट्टीवर थुंकायचं. काटे सापडले, तर पट्टी निळी.

खोकणारं अस्वल थुंकलं. पट्टी निळी झाली!

एखाद्या निरोगी प्राण्यावरही करून पाहावं, असं मुंगूसरावांच्या मनात आलं होतं. पण निरोग्याला कशाला तपासायचं? तो तर निरोगीच!

वाघमहाराजांनी हुकूम सोडला, “ज्याची पट्टी निळी, तो नदीपलीकडे.”

अस्वल गेलं. हरणं गेली. वानरं गेली. मग सायाळबाईची पट्टी निळी झाली. तिची पिल्लं अजून अंगावर पीत होती.

“मुंगूसराव, मला काहीसुद्धा होत नाहीये हो.”

“काही न होणं हेच तर भयंकर लक्षण आहे, सायाळबाई.”

“मग पोरांना तरी संगती नेऊ द्या.”

“त्यांच्या पट्ट्या पांढऱ्या आहेत. ती इथेच राहतील.”

सशाने पिल्लांना आपल्या बिळात नेलं. कोवळं गवत चावून चावून भरवलं. सायाळबाई पलीकडच्या काठावरून हाका मारत राहिली.

वाघमहाराजांची पट्टी मात्र पांढरीशुभ्र. त्यांना खोकला होता, पण तो राजखोकला मानला गेला.

एकदा महाराजांच्या पाहुण्यांना पट्टीची करामत दाखवताना मुंगूसराव स्वतःच थुंकले. पट्टी निळी!

“ही पट्टी चुकीची आहे,” ते ताबडतोब म्हणाले. ही शंका त्यांना आजवर शिवली नव्हती.

शोध घेतल्यावर उलगडा झाला. काटे वाढवले होते मोहाच्या फुलांच्या आंबवणात आणि टोचण्याआधी नीट धुतलेच नव्हते. सशाच्या रक्ताने काटे ओळखलेच नाहीत, मोह ओळखला. जंगलात मोह बहरला होता आणि जो तो फुलं खात होता. मुंगूसरावही खात, चोरून. पिल्लं दुधावर होती आणि वाघ मोहाला तोंड लावत नसे.

“माझ्या विद्येने रोग नाही, फुलं पकडली रे,” ते सशाला म्हणाले. हसले, आणि मग डोळे पुसले.

त्यांनी नवी पट्टी केली. या वेळी विषाणूच्या आतल्या गाठोड्यावरचं प्रथिन घेतलं आणि स्वच्छ धुतलं. आधी निरोगी पिल्लांवर पाहिलं. पांढरी. अस्वलावर निळी. सायाळबाईवर पांढरी. सायाळबाई धावत आली आणि काटे टोचेपर्यंत पिल्लांना बिलगली.

मग वाघमहाराज थुंकले. पट्टी निळीगर्द.

महाराज बराच वेळ खोकले.

“मुंगूसराव, आधीची पट्टी बरी होती.”

मुंगूसरावांनी महाराजांच्या दातांकडे पाहिलं. “तिचा निळा रंगच अधिक वैज्ञानिक होता, महाराज.”

जुनी पट्टी पुन्हा लागू झाली. पण सायाळबाईला परत नदीपलीकडे पाठवायचं मुंगूसरावांच्या जिवावर आलं. त्यांनी महाराजांकडून एक बंदी तेवढी मिळवली. मोहाची फुलं कुणी खायची नाहीत.

बघता बघता सगळ्यांच्या पट्ट्या पांढऱ्या झाल्या. रोग हटल्याचं दरबारात जाहीर झालं. साऱ्या दरबाराने खोकत खोकत टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य : मोह टाळला, की रोग होत नाही. मीही हल्ली कटाक्षाने टाळतो. मला खोकला येतो, तो वेगळा.