मोबाईलची उतरंड

"दात दिसले का व आई?"

नांदुऱ्याहून सुचिता विचारत होती आणि इकडे उंद्रीत तिची आई, विमलबाई, मोबाईल कधी डोळ्यांजवळ नेत होत्या, कधी हात लांब करून पाहत होत्या, मध्येच पदराने काच पुसत होत्या. काचेवर पांढरं धुकं होतं आणि त्या धुक्यात काहीतरी गोलमटोल हलत होतं. तो त्यांचा नातू शिवम असावा. बाळंतपण उरकून लेक सासरी गेली आणि ती तिकडे गेल्यावर मग पठ्ठ्याला खालचे दोन दात आले. सोयाबीन सोंगायला आलेलं, घरचं मळणीयंत्र गावोगाव फिरत असलेलं. अशा दिवसांत विमलबाईंना उंबरा ओलांडता येत नव्हता. दात पाहायचे ते मोबाईलमध्येच, आणि ते पाहिल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन नव्हतं.

"दात कुठले? मले तं कापसाचं गाठोडं दिसून राह्यलं," विमलबाई म्हणाल्या.

"तू बी मले तशीच दिसते. बाबाले म्हण न, तुहा मोबाईल बदलून द्या म्हणा."

म्हणायला काय जातं! त्या घरात मोबाईल बदलण्याची एक रीत होती आणि ती कोणीही मोडत नसे. नवा मोबाईल घ्यायचा तो थोरल्या राजकुमारने, कारण ट्रॅक्टर आणि मळणीयंत्राचा धंदा त्याचा. दोन वर्षांनी त्याने दुसरा घेतला की त्याचा जुना पूनमला, कारण ती चिखलीला कॉलेजात जाते. पूनमचा तिच्या वडिलांना, म्हणजे उत्तमरावांना, कारण त्यांना बाजारभाव आणि पुढाऱ्यांची भाषणं पाहायची असतात. आणि उत्तमरावांचा विमलबाईंना. याला मात्र कारण द्यायची कोणाला गरज वाटली नव्हती.

त्यामुळे मोबाईल विमलबाईंच्या हातात पडेपर्यंत त्याने मळणीचा भुसा, कॉलेजच्या पिशवीतलं अत्तर आणि उत्तमरावांची तंबाखू असं सगळं पचवलेलं असे. सध्याच्या मोबाईलचं झाकण रबर लावून धरून ठेवलं होतं. त्यात एकच सिम चाले. आणि समोरच्याचा आवाज साऱ्या गल्लीला ऐकवल्याशिवाय तो विमलबाईंना ऐकू येत नसे.

तरी त्यांची तक्रार नव्हती. वरचा मोबाईल बदलला की सगळी उतरंड एकेक घर खाली सरके आणि त्यांच्याही वाट्याला थोडा बरा मोबाईल येई. यंदा मात्र गाडं अडलं. राजकुमारच्या मोबाईलला तीन वर्षं होत आली तरी तो बदलायचं नाव घेईना. विमलबाईंनी जेवायला वाढता वाढता विषय काढून पाहिला. शेजारच्या गोविंदाने नवा घेतला म्हणे, त्यात फोटो काय सुंदर येतात म्हणे, आणि राजकुमारचा हल्ली जरा गरम होतो असं त्यांना वाटलं म्हणे.

"आता कोणीच लवकर बदलत नाही व आई," राजकुमार भाकरी मोडत म्हणाला. "नव्यात नवीन काही येतच नाही. माहा अजून चार वर्षं हालत नाही."

चार वर्षं! तोवर शिवम दप्तर घेऊन शाळेत जायला लागेल. विमलबाईंनी आशेने नवऱ्याकडे पाहिलं, तर उत्तमराव खूश होऊन लेकाची पाठ थोपटत होते. पोरगं शहाणं झालं, वस्तू मोडेपर्यंत वापरायची असते, असं ते म्हणाले आणि हात धुवायला उठले. विमलबाई मात्र 'मोडेपर्यंत' या एका शब्दापाशी थांबल्या आणि बराच वेळ तिथेच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजकुमार मळणीवरून आला. घामेजलेला शर्ट त्याने दोरीवर फेकला, मोबाईल चार्जिंगला लावला आणि जेवून आडवा झाला. घरात दुसरं कोणी नव्हतं. विमलबाई देव्हाऱ्यापुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी देवाला सगळं नीट समजावून सांगितलं. यात राजकुमारचं वाईट काहीच नाही, त्याला नवाकोरा मोबाईल मिळेल. पूनमला चांगला मिळेल, मालकांना बरा मिळेल. चार जणांचं भलं होतं आणि जीव जातो तो एका यंत्राचा. देव काही बोलला नाही. त्याची हरकत नसावी असं धरून विमलबाईंनी मोबाईल काढला, शर्टाच्या खिशात घातला, खिशाची गुंडी लावली आणि शर्ट साबणाच्या बादलीत बुडवला.

तेवढ्यात बादलीतून भजन ऐकू यायला लागलं. कोणीतरी राजकुमारला फोन लावला होता आणि मोबाईल पाण्याखालून इमानेइतबारे वाजत होता. फेसाला खालून उजेड आला होता. विमलबाई क्षणभर कौतुकानेच पाहत राहिल्या. पोराने वस्तू पारखून घेतली होती यात शंका नाही. मग घरात खाट करकरली तशा त्या भानावर आल्या, शर्ट बाहेर काढून दगडावर अंथरला आणि हातात मोगरी घेतली. कॉलर फार मळलेली होतीच. कॉलर झाली, पाठ झाली, आणि खिसा तर त्यांनी अगदी मन लावून धुतला.

संध्याकाळी ओसरीवर शोकसभा भरली. मोबाईल ताटलीत ठेवला होता आणि त्याच्या तीन बाजूंनी पाणी येत होतं. आश्चर्य म्हणजे कोणी विमलबाईंवर संशय घेतला नाही. आपणच खिशात विसरलो असणार, मळणीच्या धांदलीत डोकं ठिकाणावर नसतं, असं राजकुमार स्वतःच म्हणाला. विमलबाईंनी उदार मनाने त्याला माफ केलं. त्यांच्या मनात उकळ्या फुटत होत्या. आता हा म्हणेल, उद्या चिखलीला जातो आणि नवा आणतो. मग सगळे एकेक घर खाली, आणि परवा शिवमचे दात.

"नवा आता नाही," राजकुमार म्हणाला. "यंत्राच्या बेल्टातच सगळं गेलं. दिवाळीले पाहू. तवरोक पूनम, तुहा दे मले."

पूनमने घर डोक्यावर घेतलं. तिची परीक्षा मोबाईलवर होती, नोट्स मोबाईलवर होत्या, मैत्रिणी मोबाईलवर होत्या. पण भर हंगामात मळणीवाल्याला मोबाईल नाही म्हणजे घरात चूल नाही, हे तिलाही कळत होतं. तिने रडत रडत आपला भावाला दिला आणि वडिलांपुढे हात पसरला. लाडक्या लेकीला उत्तमरावांनी आजवर काहीच नाकारलं नव्हतं. त्यांनी आपला मोबाईल धोतराला पुसून तिच्या हातावर ठेवला आणि मग ते बायकोकडे वळले.

"तुहा आण व. तुले तसा बी कोणाचा फोन येते?"

बुडालेला मोबाईल खाली सरकत नाही आणि उतरंड खालून वरही चढते, हे विमलबाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांदेखत रबर सुटलं, झाकण निघालं, त्यांचं सिम बाहेर आलं आणि उत्तमरावांचं आत गेलं. बाहेर आलेलं सिम त्यांनी कुंकवाच्या डबीत ठेवून दिलं. त्यांना इतकं रडू आलं की पोरं त्यांचीच समजूत घालू लागली, की आई, राजकुमारच्या मोबाईलचं एवढं मनाला लावून घेऊ नको.

पण कोणाचा फोन येतो याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच मिळायला लागलं. उत्तमराव शेतात गेले की विहिरीवरच्या मोटारीसाठी लाईट आली का, हे बायकोला फोन करून विचारत. आज फोन लावणार कुठे? ते विचारायला घरापर्यंत चालत आले. लाईट होती. ते परत शेतात पोचेपर्यंत ती गेली. पूनमची एसटी चुकली की ती आईला सांगे आणि आई राजकुमारला स्टँडवर पाठवी. आज ती चिखलीच्या स्टँडवर अंधार पडेपर्यंत बसून राहिली आणि घरी आली ती सगळ्यांवर तोंड टाकतच.

खरा गोंधळ मळणीचा झाला. यंत्र सुरू असताना राजकुमारला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, मग फोन कुठला? म्हणून सारे शेतकरी विमलबाईंनाच फोन करत आणि कोणाचा नंबर कधी हे त्याच ठरवून देत. घरात हे कोणाला माहीतच नव्हतं. राजकुमारला वाटे, आपली कामं आपोआप ओळीने येतात. आता त्याने भेटेल त्याला 'उद्या येतो' सांगायचा सपाटा लावला, आणि त्या उद्याच्या सकाळी गावातले तुळशीराम आणि शेजारच्या गावचे किसनराव एकाच वेळी ओसरीवर येऊन बसले. दोघांच्याही सोंगलेल्या सोयाबीनच्या सुड्या शेतात रचलेल्या, वर ताडपत्री झाकलेली, आणि आभाळ भरून आलेलं.

"वहिनी, नंबर कोणाचा? यायचा का माहा?" किसनरावांनी विचारलं.

"मले काय माहीत भाऊ? माह्याजवळ मोबाईल नाही," विमलबाई गोड आवाजात म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

दोघेही हटेनात. जो आधी उठेल त्याचा नंबर जाईल, म्हणून दोघेही चहावर चहा पीत राहिले. नेमका त्याच वेळी राजकुमार यंत्र घेऊन किसनरावांच्या शेतावर गेला होता. तिथे शेत होतं, सुडी होती, पण माणूस एकही नव्हता. त्याने किसनरावांना फोन लावला, पण त्यांचा मोबाईल त्यांच्या घरी, नातीच्या हातात. घरी विचारावं म्हणून त्याने सवयीने आईला लावला, तो कुंकवाच्या डबीत. मग वडिलांना लावला. उत्तमरावांनी उचलला, रबर निसटलं, झाकण उडालं आणि मोबाईल बंद पडला. राजकुमार वाट पाहून पाहून तुळशीरामांच्या शेतावर आला, तर तिथेही तीच गत. तोवर किसनराव कंटाळून उठले होते आणि वाटेत दिसलेलं दुसऱ्याचंच यंत्र घेऊन आपल्या शेतावर गेले होते.

संध्याकाळी राजकुमार घरी आला तो तोंड पाडून, आणि आजवर सगळ्यांचे नंबर आईच लावून देत होती हे तुळशीरामांकडून ऐकून. जेवणाचं ताट त्याने बाजूला सारलं आणि जाहीर केलं की दिवाळी गेली खड्ड्यात, असंच चाललं तर हंगामही जाईल, उद्याच नवा मोबाईल येणार. विमलबाईंच्या हातातली भाकरी तव्यावर करपली तरी त्यांना कळलं नाही. म्हणजे उतरंड पुन्हा खाली सरकणार! मालकांजवळचा आपला मोबाईल परत मिळणार!

दुसऱ्या दिवशी खोका आला. सगळे भोवती जमले. उत्तमरावांनी रीतीप्रमाणे वाटणी सांगितली, की नवा राजकुमारला, त्याच्याजवळचा पूनमला, पूनमजवळचा आपल्याला आणि आपल्याजवळचा हिला. पण पूनमने साफ नकार दिला. दोन रात्री जागून तिने सगळे फोटो आणि नोट्स या मोबाईलमध्ये आणल्या होत्या, आता ती पुन्हा काही हलवणार नव्हती. राजकुमारचंही तेच. शेतकऱ्यांचे सगळे नंबर त्याने परवाच बसून भरले होते आणि पुन्हा भरायची त्याची तयारी नव्हती.

"मंग हा मलेच द्या," उत्तमराव हात पुढे करत म्हणाले.

"तुमाले कायले बाबा? फोन तं आईले येतात," राजकुमार म्हणाला आणि त्याने खोका आईच्या मांडीवर ठेवला.

आयुष्यात पहिल्यांदा विमलबाईंनी मोबाईलवरची ती पातळ पन्नी स्वतःच्या नखाने काढली. मग तोंड धुतलं, वेणी घातली, चांगलं लुगडं नेसल्या आणि आतल्या खोलीत जाऊन सुचिताला व्हिडिओ लावला. पलीकडे फोन उचलला गेला आणि सुचिता आनंदाने ओरडलीच, की आई, तू किती साफ दिसते, नाकातली फुलीसुद्धा दिसते.

विमलबाईंना मात्र धुकंच दिसत होतं. तेच पांढरं धुकं आणि तेच गाठोडं. त्यांनी काच पुसली. काच नवी होती, पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतंच.

"सुचे," त्या सावकाश म्हणाल्या, "तुह्या घरी नवा मोबाईल आधी कोणाकडे येते?"

"प्रज्वलभाऊजीकडे. दीर लहान आहे न, त्याचे लाड. मंग तो सासऱ्यायले, मंग शिवमच्या बाबाले, अन् मंग मले. काऊन व?"

विमलबाईंनी उठून दाराला कडी घातली. धुक्यातल्या नातवाकडे त्यांनी एकदा डोळे भरून पाहिलं आणि मोबाईल तोंडाजवळ धरला.

"हे पाह्य. चार-आठ दिवस तुह्याजवळ मोबाईलच राहणार नाही, पण तू भिऊ नोको," त्या म्हणाल्या. "आता मले सांग, प्रज्वल त्याचा मोबाईल चार्जिंगले कुठं लावते?"