बचतीचा आकडा

"हे काय नवीन?" गॅरेजच्या दारात उभी राहून बायकोनं विचारलं.

डॉक्टर दातांचे. नाजूक हातांचा माणूस. बॉनेटखाली वाकून ते रबराच्या नळीवर क्लिप आवळत होते. गाडीला टर्बो होता, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. ती हवा किती कोंबायची, हे ठरवणारा बूस्ट कंट्रोलर डॉक्टरांनी गुपचूप मागवून नुकताच बसवला होता. नळी कापून मध्ये व्हॉल्व्ह, स्टिअरिंगशेजारी आकडा दाखवणारी डबी, सगळं कसं झकास! ट्यूनिंग तेवढं राहिलं होतं. मोकळ्या रस्त्यावर दाब हळूहळू वाढवत न्यायचा आणि सुरक्षित आकड्यावर मर्यादा घालायची, हे काम उद्याचं. तोवर दाबाला धरबंध नव्हता.

"हे ना? पेट्रोल वाचवायचं यंत्र," डॉक्टरांनी थाप मारली.

"आणि हा आकडा?"

"बचतीचा. जितका जास्त, तितकी बचत. तू अजिबात काळजी करू नकोस."

"बरं," बायको म्हणाली आणि आत गेली. इतक्या सहज सुटलो म्हणून डॉक्टर खूश झाले. तो आनंद फार वेळ टिकला नाही.

दुपारी बायको किल्ली घेऊनच बाहेर आली. "आईला मावशीकडे सोडायचंय. मी चालवते, तुम्ही बसा शेजारी."

नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून डॉक्टर शेजारी बसले. मागे सासूबाई बसल्या. या बाई दुसऱ्यांच्या घरी गेल्या तरी रिकाम्या खोलीतले दिवे मालवून येत.

"अगं, दोनच? ही कसली मेली बचत!" गल्ली संपायच्या आत त्यांनी डबीवर नजर रोखली. बचतीच्या यंत्राचं लेकीनं त्यांना आधीच सांगितलं होतं.

"जोरात दाबलं की वाढतो, आई."

"मग दाब ना! वाट कसली बघतेस?"

बायकोनं दाबलं. टर्बोनं शीळ घातली. आकडा आठवर गेला आणि सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात सिग्नल लागला आणि आकडा शून्यावर आला.

"बघ! थांबलीस की सगळं गेलं," सासूबाई हळहळल्या.

पुढे मोठा रस्ता लागला. अकरा. तेरा. सतराच्या वर गेला की इंजिनाचं काही खरं नाही, हे गाडीत फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, या विचारानं डॉक्टरांना घाम फुटला.

"जरा हळू घे ना," ते पुटपुटले.

"का हो? बचत नको?"

"जावईबापू, तुम्ही मध्ये बोलू नका! पंधरा झाले गं, सोडू नकोस!"

सोळा. डॉक्टर दाराचं हँडल धरून बसले. सतरा.

"थांब! खोटं बोललो मी!" डॉक्टर ओरडले. "आकडा वाढला की पेट्रोल जास्त जळतं! अजून वाढला तर इंजिन फुटेल!"

बायकोनं पाय उचलला आणि गाडी शांतपणे कडेला घेतली.

"कळलं होतं मला, सकाळीच."

"कसं काय?"

"तुमच्या दवाखान्यात काउंटरवर मीच बसते ना? 'अजिबात काळजी करू नका' हे तुम्ही ज्या आवाजात म्हणता, तो मला पाठ आहे. त्यानंतर आतून किंकाळी येते. म्हटलं, काहीतरी शिजतंय. मेकॅनिकला फोन केला. सतराच्या पुढे जाऊ नका म्हणाला. मी थांबणारच होते. तुम्ही कुठल्या आकड्याला कबूल होता, तेवढं बघायचं होतं."

डॉक्टरांचा चेहरा पडला. "चुकलं माझं. त्याचं ट्यूनिंगही राहिलंय. उद्या काढूनच टाकतो."

"काढायचं कशाला?" मागून आवाज आला. सासूबाईंचा अंबाडा सुटला होता आणि डोळे लकाकत होते. "उद्या त्याचं जे काय राहिलंय, ते करून घ्या. मी येते सोबत."

बायकोनं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

मावशीच्या दारात गाडी थांबली. मावशी कौतुकानं खिडकीतून डोकावल्या. "ताई, हा आकडा कसला गं?"

"पेट्रोल वाचतं त्यानं," सासूबाई सरकून जागा करत म्हणाल्या. "बस आत, दाखवते. तू अजिबात काळजी करू नकोस."