जुईच्या ऑपरेशनची ट्रायल

आमच्या बिबवेवाडीतले बशीर मास्तर तुम्हाला साधी भाजीची पिशवी शिवून देतील, पण ती ताब्यात देण्याआधी तिच्यात तीन किलो बटाटे भरून तुम्हाला चौकापर्यंत चालवून आणतील. मी स्वतः चालून आले आहे. भर दुपारी बारा वाजता. परत आले तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "खांद्याला काचते?" नाही म्हटलं. "मग न्या."

हा माणूस ट्रायलशिवाय काही करतच नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी केंद्रापर्यंत जाऊन येतो. पुतणीच्या लग्नाआधी हॉलवर जाऊन पहिल्या रांगेतल्या सगळ्या खुर्च्यांवर बसून आला, त्यातल्या दोन बदलायला लावल्या. वर म्हणे, "ट्रायलमध्ये उसवलं तर बरं ताई, लग्नात नको."

तर आमची लेक जुई. वय वर्षं सहा, हर्नियाचं ऑपरेशन. सकाळी न्यायचं, संध्याकाळी घरी आणायचं. डॉक्टर म्हणाले, अगदी किरकोळ. म्हणायला त्यांचं काय जातंय! आम्ही अतिशहाण्यांनी तिला सांगितलं, "डॉक्टरकाका नुसतं बघणार आहेत." तिनं तो हिरवा गाऊन बघितला, सिस्टरच्या हाताला कडकडून चावली आणि पलंगाखाली जी शिरली ती दोन तास बाहेर आली नाही. ऑपरेशन रद्द. डॉक्टरांनी पुढचा गुरुवार दिला आणि बजावलं, "आता लांबवू नका. आतडं अडकलं तर पळापळ होईल." त्यात जुईचा माझ्यावरचा विश्वास उडालेला. दूध दिलं तरी विचारायची, "नक्की दूधच आहे?"

ब्लाउज न्यायला गेले आणि मास्तरांसमोर रडलेच. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"ट्रायल घेतली होती?"

"अहो मास्तर, ऑपरेशनची कसली ट्रायल?"

"म्हणजे नाही घेतली."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून हे गृहस्थ हॉस्पिटलात गेले आणि गाऊनची नाडी कुठं, टोपी कशी, सगळं सिस्टरला विचारून आले. सुईचा अनुभव हवा म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांकडून शक्तीचं इंजेक्शनही टोचून घेतलं. शनिवारी जुईला तिच्या मापाचा गाऊन घालून कापड बेतायच्या टेबलावर झोपवलं.

"दुखेल?" जुईनं विचारलं.

"नाही गं राणी," मी म्हटलं.

"ताई, खोटं माप देऊ नका," मास्तर माझ्यावर खेकसले. "दुखेल बेटा. सुई टोचताना. पाच मोजेपर्यंत. मी मोजलंय. मग झोप लागते, झोपेत काही कळत नाही. उठल्यावर परत दुखेल, त्याला औषध देतात."

"आई कुठं असेल?"

"दाराबाहेर. आत येऊ देत नाहीत."

माझा पारा असा चढला! पण जुईनं शांतपणे मान डोलावली.

रविवारी उपाशी राहायची ट्रायल. दिवसाला दहा कप चहा पिणारे मास्तर सकाळी नऊ वाजेपर्यंत तिच्यासमोर कोरडे बसले. आठ वाजताच त्यांचं डोकं ठणकायला लागलं. जुईच त्यांना समजावत होती, "थोडंच राहिलंय, मास्तर."

आणि गुरुवार! स्ट्रेचर आलं, तर जुई म्हणाली, "मी चालत जाणार." सिस्टर, जिला चावली होती तीच, जरा लांबूनच गाऊन घेऊन आली. जुई पाठ करून उभी राहिली. "नाडी मागं बांधतात." मग टोपी सारखी केली आणि पोरगी मुख्यमंत्र्यासारखी ताठ मानेनं आत गेली. मी टाळ्या वाजवल्या. हो, हॉस्पिटलात! बघू देत लोकांना.

दार बंद झालं. आमच्यासोबत आलेले मास्तर बाकावर बसले होते. मग एकदम म्हणाले, "आमच्या सलीमचे टॉन्सिल काढले तेव्हा तो सात वर्षांचा होता. सर्कशीला नेतो असं सांगून नेलं मी. ऑपरेशन झकास झालं. पण त्यानंतर मी काहीही सांगितलं की तो आधी अम्मीकडे बघायचा. खरं का, म्हणून. आता हडपसरला असतो. त्याची अम्मी गेली. मी काही सांगितलं की अजून मान वळवतो, पण तिथं कुणी नसतं."

तेवढ्यात डॉक्टर हसत बाहेर आले. "छान झालं सगळं! सुई टोचताना मोठ्यानं पाच मोजले तिनं. मी सहा म्हटलं तर रागावली माझ्यावर." मास्तरांनी सगळ्या वॉर्डाकडे असं बघितलं, जणू पोरगी बोर्डात पहिली आली.

दुपारी जुईला नीट जाग आली. तिचा हात मी धरला होता, पण ती माझ्यामागे बघत होती.

"मास्तर, आता दुखेल?"

"दुखेल बेटा. रात्रीपर्यंत. उद्या कमी होईल."

"बरं," म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

मास्तर लगबगीनं बाहेर गेले. काय झालं म्हणून मी मागं गेले, तर जिन्यात भिंतीकडे तोंड करून ते फोनवर बोलत होते. "सलीम? उस दिन सर्कस नहीं थी बेटा. मेरे को मालूम था."

पलीकडून सलीम काय म्हणाला ते मला कळलं नाही. पण मास्तर बराच वेळ फोन कानाला लावून ऐकत उभे होते.